भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशीचे जखमी

बाळांनो, आजोबांना दिवाळीला काय पाठवावं, असं तुम्ही दर वर्षी मला विचारता. खरं तर हे तुम्ही अकोल्याच्या आत्याआजीला विचारायला हवं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खोटं लिहायची मला सवय नाही.

निवृत्तीनंतर कुणी भजनात रमतं, कुणी पत्त्यांत. तुमचे आजोबा पूर, आग आणि भूकंपात रमले. आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण घेऊन आले आणि आमच्या अमरावतीच्या कॉलनीत स्वयंसेवकांचं एक पथक उभं केलं. अशा माणसाला भेट काय द्यायची, याचा मी नीट विचार केला. पहिल्या पाडव्याला एक पेटी मागवली. तिच्यात होकायंत्र होतं, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या होत्या आणि अंगातली ऊब टिकवणारं एक चकचकीत, चंदेरी पांघरूण होतं. "छान आहे," म्हणाले आणि पेटी कपाटात ठेवली. उन्हाळ्यात ते पांघरूण मला त्यांच्या स्कूटरवर दिसलं. सीट तापू नये म्हणून घातलं होतं.

त्याच वर्षी भाऊबिजेला आम्ही अकोल्याला गेलो. आत्याआजी म्हणजे माझी धाकटी नणंद. तिच्या घरी भाजीची आणि झेंडूची शेती आहे. ओवाळून झाल्यावर तिने भावाच्या हातात भाजीच्या गाडीवरचा जुना भोंगा ठेवला. एकही पैसा न खर्चता! आजोबांनी तो घरी परतेपर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही. पुढच्या सरावात त्यांनी चुकीचं बटन दाबलं आणि भोंग्यातून तिच्या दिराचा आवाज घुमला, "मेथी घ्या, पालक घ्या, सांबार घ्या." सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. सगळी कॉलनी पिशव्या घेऊन बाहेर आली. मला वाटलं, आता हसं झालं. पण आजोबा खूश. सायरनला इतकी माणसं कधी बाहेर आली नव्हती, असं महिनाभर सांगत होते.

दुसऱ्या वर्षी तिने जुन्या सुती लुगड्यांचा दोर वळून दिला, हात-हातभर अंतरावर गाठी मारलेला. मी दिली होती अनुक्रमणिकेसह फाइल, सगळे फोन नंबर लॅमिनेट करून. तिसऱ्या वर्षी तिने झेंडूच्या रंगाचं जाकीट शिवलं, दुरून दिसावं म्हणून. ते घालून आजोबा बँकेतसुद्धा जातात.

शिवाय तिच्याशी बोलताना त्यांची भाषा बदलते. माझ्याशी ते पुस्तकी मराठी बोलतात, कारण लग्न झालं तेव्हा माझ्या इंग्रजी शाळेचा त्यांना धाक होता. तिच्याशी मात्र "काहून वं, काय करून राहिली?" असं सुरू होतं आणि दोघं हसत सुटतात. कशाला हसतात, ते मला अजून कळलेलं नाही.

गेल्या दिवाळीत मी ठरवलं, यंदा त्यांना हवी तीच वस्तू द्यायची. ती कोणती, हे कळावं म्हणून त्यांना प्रशिक्षणात मिळालेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक मी दुपारी वाचायला घेतलं. "वाचून सांगतेस का?" असं त्यांनी पूर्वी एकदा विचारलं होतं, तेव्हा मला वेळ नव्हता. महिनाभर वाचलं, वहीत टिपणं काढली. द्यावी अशी वस्तू काही सापडली नाही. पाडव्याला शेवटी स्वेटर दिला.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी नणंदेच्या वस्तीमागच्या मैदानात पुराची रंगीत तालीम ठेवली होती. मोर्णा नदीचं पाणी तिथे खरोखर शिरतं. पथक आलं, दोर आला, भोंगा आला. फक्त जखमी मिळेना. सणाच्या दिवसांत आडवं पडून कण्हायचं म्हणजे अपशकुन, असं म्हणत बायका मागे सरकल्या. आजोबांचा चेहरा पडला. तेवढ्यात नणंद पुढे आली.

"मी झोपतो, भाऊ. मले काही होत नाही."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला राहवलं नाही. मीही जखमी होणार, असं मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं. ते म्हणाले, दोन जखमी असले तर पथकाची खरी परीक्षा होईल; कुणाला काय झालंय, ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी चष्मा डबीत ठेवला, पाडव्याच्या साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि सतरंजीवर आडवी झाले. पलीकडे नणंद पाय धरून ओरडत होती, "मेलो रे भाऊ, माहा पाय गेला!" बायका अपशकुन विसरून तिच्याभोवती जमल्या. मी डोळे मिटून गप्प पडून राहिले. ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, त्याला थोडं थांबवलं तरी चालतं. गप्प पडलेल्याकडे आधी जायचं, हे मी वाचलेलं होतं.

आणि ते आधी माझ्याकडेच आले. नाडी पाहिली, श्वास कळावा म्हणून गाल माझ्या नाकाजवळ आणला, मनगटाला लाल पट्टी बांधली. मग हळूच म्हणाले, "तू पुस्तक वाचलंस का गं?"

मी बेशुद्ध होते. उत्तर देता येईना. एवढ्या वर्षांत त्यांनी इतक्या मऊ आवाजात काही विचारल्याचं मला आठवत नाही, आणि तेव्हाच मला तोंड उघडायची सोय नव्हती.

शिट्टी वाजली. चार धडधाकट माणसांनी मला स्ट्रेचरवर घेतलं आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, निंबाखाली नेऊन ठेवलं. लाल पट्टीवाल्याला सर्वांत आधी हलवतात, हेही मी वाचलं होतं. पथकप्रमुख सोबत येत नाही, मागे उरलेल्यांकडे थांबतो, हेही वाचलं होतं. पण ते ऐन वेळी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी चष्मा लावून पाहिलं. नणंदेच्या हाताला हिरवी पट्टी होती, म्हणजे चालू शकणारा जखमी. तिचा हात आजोबांच्या खांद्यावर होता, त्यांचा तिच्या कमरेला. ती लंगडत होती, बोलत होती, ते हसत होते. सबंध मैदान दोघं रमतगमत चालत आले.

येऊन ती माझ्या शेजारी बसली आणि हिरवी पट्टी दातांनी सोडू लागली. सोडता सोडता माझ्या मनगटाकडे बघत होती.

"वैनी, तुमाले तर पालखीतून आनलं," ती म्हणाली. "मी एवढी वरडलो, अन् मले पायी. भाऊ पहिले तुमच्याकडेच गेला."

तिच्या आवाजात थट्टा नव्हती. तो सूर मला चांगला ओळखीचा होता; दर दिवाळीत तो माझा असतो. जागा बदलायला मी एका पायावर तयार होते, हे मी तिला सांगितलं नाही.