झाशीत बसवलेला आवाज

बबिन्याच्या लष्करी छावणीपाशी मला अडवलं, तेव्हा झाशी जेमतेम पंचवीस किलोमीटर उरली होती. ललितपूरपासून रस्ता सुरेख होता. दोन्हीकडे पिवळा पडत चाललेला गहू, मधूनच काळ्या खडकांच्या टेकड्या आणि त्यांच्या अंगावर फुललेले पळस. नकाशावाली बाई फोनमधून "सरळ चला" म्हणाली असणार. वाऱ्यात ते मला ऐकूच आलं नाही. मी छावणीच्या रस्त्याला वळले आणि एक जवान दोन्ही हात पसरून गाडीसमोर आला.

"मैडम, सुनाई नहीं देता क्या?"

दुसऱ्यानं गाडीची महाराष्ट्राची पाटी वाचली. "मावशी, तीनदा शिट्टी मारली की!" बोली थेट कराडकडची.

"डावा कान अधू आहे माझा," मी म्हटलं.

त्यानं मोटरसायकलकडे पाहिलं, दोन्ही बाजूंच्या पेट्यांकडे पाहिलं, मग हेल्मेटखालून निघालेल्या माझ्या पांढऱ्या केसांकडे. "मग एकट्याच कशाला निघालात?"

"दुसरी कुणी तयार होईना."

तो हसला, पाणी दिलं, रस्त्याला लावून दिलं. मीही हसले, पण पुढे झाशीपर्यंत चाळीसच्या वर गेले नाही. शिट्टीच्या जागी ट्रक असता तर?

सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी तीस वर्षं ऑपरेटर होते. निवृत्तीनंतर ही मोटरसायकल घेतली, आणि दोन वर्षांत डावा कान गेला. हेल्मेटात इअरफोन घालावा, तर उरलेला चांगला कान बुजतो. गाडीबरोबर आलेले दोन चिमुकले स्पीकर पुढच्या काचेखाली होते. साठच्या वर वेग गेला की त्यांचं बोलणं वारा खाऊन टाकायचा. आणि मला जायचं होतं कानपूर, लखनौ करत नेपाळच्या सरहद्दीपर्यंत.

झाशीत इलाइट चौराह्याजवळ (चौराहा म्हणजे चौक) खोली घेतली आणि पुण्याला मुलाला फोन केला. निखिलला मी खरं सांगितलं, ही चूकच झाली.

"आई, झाशी मोठं जंक्शन आहे. गाडी पार्सलला टाक, तू रेल्वेत बस. मी आत्ता तिकीट काढतो."

"काढू नकोस. फुकट जाईल."

"तुला काही झालं तर?"

"झालं तर मला होईल," म्हणून मी फोन ठेवला. वाईट बोलले. पण परत लावला नाही.

चौराह्यावरच्या दुकानदारानं माझ्यापुढे थाळीएवढे स्पीकर मांडले. त्यांत निळे-जांभळे दिवे लुकलुकत होते. गाणं लावलं तसा काउंटर थरथरला. मला गाणं नको, बोलणं स्पष्ट हवं, असं मी तीनदा सांगितलं. तो म्हणाला, "भाईसाहब को भेज दीजिए, उनको समझा देंगे."

"उनको फोटो से उतारना पड़ेगा," मी म्हटलं आणि बाहेर पडले. पायरीवर तोंडातून निघालंच, "मेल्या, तुझ्या दिव्यांनी काय मला ऐकू येणार आहे?"

शेजारच्या गाळ्यात एक साठीचे गृहस्थ ॲम्प्लिफायर उघडून बसले होते. ते खुदकन हसले. "ताई, शिव्या जपून द्या न. इथे पण मराठी कान आहेत."

हे माधवजी. त्यांचे पूर्वज पेशवाईत कारभाराला म्हणून इकडे आले ते इथलेच झाले. घरातले सगळे नोकरदार; हे एकटेच कारकुनी सोडून लग्नाच्या लाउडस्पीकरांत पडले. "वडील दोन साल बोलले नाहीत माझ्याशी," त्यांनी सहज सांगितलं आणि माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली.

"तुम्हाला आवाज मोठा नको, साफ पाहिजे. बरोबर?"

सकाळपासून मला पहिल्यांदा कुणीतरी नीट ऐकलं होतं.

त्यांनी जुने स्पीकर काढले. माणसाचं बोलणं स्वच्छ वाजवणारे दोन नवे निवडले, सीटखाली छोटा ॲम्प्लिफायर बसवला. डाव्या-उजव्या बाजूचा वेगवेगळा आवाज एकत्र करून दोन्ही स्पीकरांत तोच सोडला, म्हणजे डावीकडचं काही हरवायला नको. मग दोन्ही तोंडं वर उचलून माझ्या उजव्या कानाकडे वळवली. "गाडी थोडी तिरपी दिसणार."

"दिसू दे."

परीक्षा त्यांच्या बायकोनं घेतली. सुषमाताईंना मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र हिंदी येते. मी हेल्मेट घालून, इंजिन मोठ्यानं चालू ठेवून गाडीवर बसले. त्या घरून फोनवर किराण्याची यादी वाचू लागल्या आणि मी एकेक शब्द परत सांगायचा.

"खीरा," मी म्हटलं.

"जीरा!" माधवजी ओरडले. "उतरा. अजून एक बोट वर घेतो."

चौथ्या खेपेला पूर्ण यादी बरोबर आली. मग सुषमाताईंनी फोनवरूनच हुकूम सोडला, "अब दीदी को खाना खिलाने ले आइए." त्यांच्या घरी चिंच-गुळाची आमटी आणि बुंदेली बरे (ताकात भिजवलेले उडदाचे वडे) एकाच ताटात होते. मी चार बरे खाल्ले.

सकाळी गाडी सुरूच होईना. बटण दाबलं की नुसती टकटक. नेमका तेव्हाच निखिलचा फोन आला आणि ती टकटक त्यानंही ऐकली. "बघ! आता तरी ऐक."

"बॅटरी उतरलीय, मी नाही," म्हणून मी माधवजींना फोन लावला.

त्यांनी कालची जोडणी तार न् तार आठवून पाहिली. मग म्हणाले, "ताई, चूक माझी. ॲम्प्लिफायर चालू करणारी बारीक निळी तार मी सरळ बॅटरीवर दिली. रात्रभर चालू राहिला तो. आत्ता येतो."

"येऊ नका, सांगा. वाटेत कुठे बिघडली तर तुम्हाला कुठून आणू?"

त्यांनी सांगितलं, मी केलं. सीट काढली, निळी तार बॅटरीवरून सोडवली, किल्ली फिरवल्यावरच वीज येणाऱ्या मागच्या दिव्याच्या तारेला जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली. बोटाला तार टोचून रक्त आलं. लॉजचे मॅनेजर आणि एक दूधवाला भैया ढकलायला आले. दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, गाडीनं एक आचका दिला आणि धडधडायला लागली.

"वाह, झाँसी की रानी!" मॅनेजर ओरडले.

"रानी का घोड़ा किसी ने धकेला था क्या?" मी विचारलं आणि निघाले.

कानपूरच्या रस्त्यावर सत्तरच्या वेगात नकाशावाली बाई असं स्वच्छ बोलली की मी तिला "हो" म्हटलं. मोठ नावाच्या गावाच्या बाजारात मटाराच्या पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर डाव्या अंगाला आला. तो हॉर्न वाजवत होता, हे मला ड्रायव्हरच्या हातावरून कळलं; आवाज नाहीच आला. आरशात दिसला म्हणून बाजू दिली. पुढे चहाला थांबले. माधवजींनी मला रस्ता ऐकवला होता, कान परत दिला नव्हता. चहा संपवला, आरसा आणखी बाहेर वळवला आणि गाडीवर बसले.

सरहद्दीपर्यंत गेले आणि परत आले. सांगलीत निखिल डॉक्टरांची वेळ ठरवूनच आला होता. तो रिक्षानं दवाखान्यात पोचला, मी गाडीनं. तपासणीत डावा कान आणखी थोडा उतरलेला निघाला.

जिन्यात तो म्हणाला, "आता तरी बंद कर."

"तुझी भीती खोटी नाही," मी म्हटलं. "वाटेत मलाही वाटली. ज्या दिवशी आरसे आणि हा एक कान पुरणार नाहीत, त्या दिवशी किल्ली मी खाली ठेवीन. पण तो दिवस मी ठरवणार. तू नाही, डॉक्टरही नाहीत."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत मागे बस. घरी जाऊ."

खाली गाडीपाशी येऊन त्यानं त्या तिरप्या स्पीकरांवरून बोट फिरवलं. मग पुटपुटला, "हेल्मेट एकच असेल तुझ्याकडे."

मी दोन आणली होती.