बाटलीवरच्या रेघा

बुलढाण्याच्या सकाळच्या बसमध्ये ती कॉलेजची पोरगी रोज माझ्या शेजारी बसते. तिच्या बाटलीवर नेलपॉलिशच्या रेघा आहेत. दर थांब्याला एक रेघ पाणी संपवायचं. किडनीचा दुर्मीळ आजार. दुखत-खुपत काहीच नव्हतं, कॉलेजातल्या तपासणीत सापडला.

मी हळहळलो, तर हसली. "चोर घरात घुसला, पण आपण जागे आहो, काका. मंग रडू काऊन?"

परवा ती लग्नाला गेली होती. तरी थांबा आला तशी कंडक्टरने, तिला रोज द्यायचा तशी, सवयीने हाळी दिली, "मोताळा. पाणी प्या."

अर्ध्या बसने बाटल्या उघडल्या. मागचे आजोबा म्हणाले, "मले त काईच दुखत नाई."

"तिलेबी नव्हतंच दुखत," कंडक्टर म्हणाला.

बस हसली. आजोबांनी हात पुढे करून बाटली मागितली.