काश्कावरचा स्वार

किझिल-दोबो गावात बुरुलइतकं रक्त कुणी पाहिलं नसेल, आणि तेही घरात शेगडीपाशी बसून. खोऱ्यात कुठेही आलामान झाला, म्हणजे शेकडो घोडेस्वार एका मेलेल्या बोकडासाठी एकमेकांवर तुटून पडले, की पोरं मोबाइलवर टिपलेलं सगळं तिच्याकडे पाठवायची. ती त्यातला नेमका तुकडा कापायची, त्याला शीर्षक द्यायची, वरचं चित्र निवडायची आणि शहरातल्या मालकाच्या चॅनेलवर चढवायची.

लोक शोधताना काय टाइप करतात हे तिला तोंडपाठ होतं. बोकडाला कुणी विचारत नाही. माणूस पडला, डोकं फुटलं, असं लिहिलं की झुंबड उडते. गावाचं आणि स्वाराचं नाव सुरुवातीलाच हवं, कारण माणूस आधी आपलं गाव शोधतो, मग शेजाऱ्याची फजिती. चित्रात रक्त दिसावं, पण जेमतेम, नाहीतर साइटवाले व्हिडिओ दडपून टाकतात. या विद्येवर तिने नवऱ्यामागे घर चालवलं आणि धाकट्या भावाला, जोमार्तला, घोडा घेऊन दिला.

त्या शरदातल्या आलामानात तिच्या हाती घबाड लागलं. उच-तेरेकचा एर्किन बोकडासकट खाली कोसळला होता. एका स्वाराने त्याच्या अंगावर घोडा घातला, खाली वाकून चाबूक ओढला, परत ओढला, आणि घोडा त्याच्या छातीवरून गेला. स्वाराच्या डोक्यावर रणगाड्यातल्या सैनिकांची जुनी गादीची टोपी, तोंडावर धूळ. पण इथे स्वाराला तोंडावरून ओळखतो कोण? कपाळावर पांढरा पट्टा, मागचा एक पाय पांढरा. तो घोडा काश्का, आणि काश्का म्हणजे शेजारचा शाम्शी. बुरुलने लिहिलं : ‘उच-तेरेकच्या एर्किनला किझिल-दोबोच्या शाम्शीने पडल्यावर तुडवलं.’ संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ शोधात सगळ्यात वर होता. मालकाने फोन करून तोंडभर कौतुक केलं.

एर्किन दवाखान्यात मेला. त्याचे भाऊबंद भर बाजारात आले आणि त्यांनी शाम्शीला कलिंगडांच्या ढिगावर पाडून लाथांनी, लोखंडी नालांनी कुटलं. लोक बघत राहिले. कलिंगडाचा रस कुठला आणि रक्त कुठलं, कळेना.

डोळ्यावर पट्टी बांधून शाम्शी बुरुलच्या दारात आला. तिने चहा ओतला, त्याने पेल्याला हात लावला नाही.

“एजे,” तो म्हणाला. थोरल्या बहिणीला इथे अशीच हाक मारतात. “शेवटच्या फेरीला काश्कावर मी नव्हतो.”

“मग कोण होतं?”

तो अंगणाकडे बघत राहिला. तिथे जोमार्त खोगीर पुसत होता.

“त्याचा घोडा लंगडायला लागला. मी माझा दिला.”

“अरे मेल्या, मग बोलला का नाहीस तेव्हा?”

“मी नव्हतो, एवढं ओरडून सांगितलं. कोण होता ते नाही सांगितलं. ज्याला आपला घोडा दिला, त्याला कसा त्यांच्या हवाली करू?” त्याने डोळ्यावरची पट्टी सावरली. “पण आता म्हणतायत, एर्किनच्या मरणाच्या चाळिसाव्या दिवशी माझं घर पेटवणार. घरात म्हातारी आहे, एजे. लिहिलंस तू. आता पुसायचं कसं ते तूच बघ.”

तो गेल्यावर तिने मूळ व्हिडिओ लावला. मार संपला की बघणारे निघून जातात, म्हणून ती स्वतःही त्यापुढे कधी बघत नसे. आज बघितलं. रिंगणाबाहेर आलेल्या स्वाराने टोपी काढून घाम पुसला. जोमार्त! हसत होता नालायक.

तिने त्याला आत बोलावून ते दाखवलं.

“मग व्हिडिओ काढून टाक,” तो म्हणाला. “संपला विषय.”

“मघाशीच काढला. पण लोकांनी कधीच उचलून आपापल्या चॅनेलवर टाकलाय. शाम्शीचं नाव शोध, अजून तोच वर येतो. त्याच्याही वर चढेल असं काहीतरी टाकायला हवं. त्याआधी तू आपणहून ठाण्यावर चल. मी येते बरोबर.”

“भावाला विकतेस?”

“माणूस मेला, जोमार्त! का मारलंस त्याला?”

“का म्हणजे? तूच ना म्हणायचीस, नुसता बोकड उचलून कोण विचारतं? शाम्शीचं नाव कायम वर, आणि तुझ्या सख्ख्या भावाचं कुठेच नाही. पोरं मोबाइल घेऊन त्याच बाजूला उभी होती. म्हटलं, आज बघतील.” त्याने कमरेचा चाबूक ओढला. “तर तू त्याचंच नाव घातलंस!”

ती काही बोलण्याआधीच चाबूक तिच्या तोंडावर बसला, गालापासून हनुवटीपर्यंत. दुसरा फटका चहाच्या भांड्यावर. तो तिसऱ्यांदा हात उचलतोय तोवर ती आतल्या खोलीत गेली होती आणि कडी लागली होती. तो दार लाथाडू लागला.

आधी तिने ठाण्याला फोन केला. “गाडी पाठवा, उच-तेरेकवाले यायच्या आत. हो, माझाच भाऊ.” मग कॉम्प्युटर उघडला. आयुष्यभर शिकलेलं सगळं तिने त्या कामात ओतलं. मार आणि टोपी काढणं यांच्यामध्ये कुठेही कापलं नाही, म्हणजे स्वार तोच हे दिसेल. वरच्या चित्रात टोपी हातात धरून हसणारा जोमार्त आणि मागे काश्का. चेहरा बघून अंगठा थांबतो, हे तिला माहीत होतं. शीर्षकात आधी एर्किन, मग शाम्शी, म्हणजे ही नावं शोधणाऱ्याला हेच आधी दिसेल : ‘उच-तेरेकच्या एर्किनला शाम्शीने मारलं नाही, किझिल-दोबोच्या जोमार्तने मारलं.’ गालातून कीबोर्डवर थेंब पडत होते. तिने ते बाहीने पुसले.

बोट बटणावर नेलं आणि ती थांबली. खोऱ्यात जोमार्त कमी का होते? याच गावात सुताराचा पोरगा जोमार्त, शाळा सुटली की घोड्यांमागे धावणारा. पुन्हा भलत्याचंच रक्त सांडायचं? तिने बापाचं नाव घातलं : काल्मातचा मुलगा. तरी तिचं मन भरेना.

बाहेर दाराची फळी चिरली. “एजे!” जोमार्त आता रडत होता. “एजे, नको ना गं!”

लहानपणी विंचू चावला तेव्हा तो असाच रडला होता. बुरुलला हुंदका फुटला. जो शब्द कुणी शोधत नाही, तो तिने शीर्षकात आजवर कधी घातला नव्हता. आज शेवटी घातला : ‘माझा भाऊ.’ आणि बटण दाबलं.