ताईला दिसतील एवढी अक्षरं

आमच्या ह्यांचा उजवा हात काढून कपाटात कुलूपबंद ठेवता आला असता, तर आमचा संसार जास्त सुखाचा झाला असता. हात तसा गुणाचा आहे. गावातल्या निम्म्या पाट्या त्याच हाताने रंगवल्यात. औषधांची दुकानं, शिकवण्या, सलून, 'येथे गाडी लावू नये', सगळं. छापील फलक आले तेव्हा बाकीचे पेंटर दुसऱ्या धंद्याला लागले. ह्यांच्याकडे मात्र लोक अजून येतात, कारण ह्यांचं अक्षर लांबून वाचता येतं. पण हाच हात मित्रांमध्ये जाऊन बसला की आपोआप वर जातो, आणि कशासाठी वर गेला हे ह्यांना नंतर कळतं.

मित्र तीन, शाळेपासूनचे. एक वकील, एक दातांचे डॉक्टर आणि एक फरश्यांचे व्यापारी, ज्यांना सगळे शेठ म्हणतात. शाळेत असताना चौघांनी नियम केला होता: काहीही ठरवायचं ते हात वर करून, आणि एकदा वर गेलेला हात मागे घ्यायचा नाही. पोरवयात ठीक होतं. पण पन्नाशी उलटली तरी चौघांचं तेच चालू. सहलीला कुठे जायचं, हात वर. कुणाच्या गाडीने जायचं, हात वर. बायकांना मत नाही, बायकांनी डबे करायचे. वकीलभावजी ठराव मांडणार, शेठ हात वर करणार, आणि कधी कधी शेठच्याही आधी आमच्या ह्यांचा हात वर.

"अहो, तुम्हाला डोंगरावर जायचं होतं ना?" मी घरी आल्यावर विचारायची.

"असू दे गं. सगळ्यांचं ठरलं," असं म्हणून हे ब्रश धुवायला बसायचे.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भांडायला समोर माणूस तरी हवा. ह्यांच्याशी भांडणं म्हणजे उशीशी भांडणं.

गेल्या वर्षी चौघांनी मिळून एक जुनी मोटरबोट घेतली. वर्गणी चौघांची, घाम एकट्याचा. धक्क्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी हे जुना रंग खरवडत बसायचे, भेगा बुजवायचे, पॉलिशपेपर मारून मारून ह्यांच्या बोटांची सालं निघाली. बाकीचे तिघे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून चहा प्यायचे आणि रंग कोणता द्यायचा यावर हात वर करायचे. नाव ठरलं 'चौकडी'. हे म्हणाले, "मी बाजूवर लिहितो, मोठं." आणि खरोखरच एवढं मोठं लिहायला घेतलं की एकेक अक्षर बोटीच्या काठापासून पाण्याच्या रेषेपर्यंत. निळ्यावर पिवळं.

"अरे ब्रश, बोट आहे की औषधाचं दुकान?" वकीलभावजी म्हणाले. ह्यांना ते ब्रशच म्हणतात.

"लांबून दिसेल," एवढंच हे म्हणाले. 'क' काढताना शेठनी मागून येऊन पाठीवर थाप मारली आणि ह्यांचा हात हलला. 'क'चा उजवा गोल जरा बाहेर आला. ह्यांनी फडक्याने सारखा केला. तरी मागे थोडं राहिलंच. ते ह्यांना ठाऊक आणि मला ठाऊक. बाकी कुणाला दिसलंसुद्धा नाही.

एवढी मोठी अक्षरं कुणासाठी, ते त्या तिघांनी विचारलं नाही. मी सांगते. ती ताईसाठी होती.

ताई म्हणजे ह्यांची मोठी बहीण, माझी नणंद. समुद्रापलीकडे राहते, धक्क्याजवळच्या दोन खोल्यांत. सासू मी पाहिलीच नाही. ह्यांना वाढवलं ते ताईने. ती छापखान्यात खिळे जुळवायची. दिवसभर शिशाची बारीक अक्षरं उलटी वाचायची, आणि रात्री छापखान्यातले वाया गेलेले कागद घरी आणून त्यांच्या कोऱ्या बाजूवर ह्यांच्याकडून अक्षरं गिरवून घ्यायची. "'क'चं पोट सुटू द्यायचं नाही," असं म्हणत ह्यांच्या बोटांवर चमचा मारायची. हे आठ-नऊ वर्षांचे असताना तिला म्हणाले होते, मी मोठा झालो की तू कुठेही असलीस तरी माझ्या बोटीने तुझ्याकडे येईन, आणि बोटीवर नाव मी लिहिलेलं असेल.

आता ताईचे डोळे गेल्यातच जमा आहेत. डॉक्टरांनी सांगितलंय की आणखी काही महिन्यांनी तिला फक्त उजेड आणि अंधार कळेल. आणि पुढच्या आठवड्यापासून छोट्या बोटींना समुद्र बंद होणार होता, तो चार महिन्यांनी उघडणार. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. ताई फोनवर म्हणाली, "ये. धक्क्यावर उभी राहते मी. बघू तरी तुझी अक्षरं."

त्याच दिवशी ह्यांनी माझ्या जुन्या चष्म्याला व्हॅसलीन फासलं, तो माझ्या डोळ्यांवर चढवला आणि मला गल्लीच्या टोकाला उभं केलं. दुसऱ्या टोकाला हे पुठ्ठ्यांवर लहान-मोठी अक्षरं काढून एकेक वर धरत होते. शेजारीण गॅलरीतून बघत होती. "दिसतंय का?" हे ओरडायचे. "नाही," मी ओरडायची. मग आणखी मोठं. त्या पुठ्ठ्यांवरून बोटीवरच्या अक्षरांचं माप ठरलं.

तर असे आम्ही पाचजण ताईकडे निघालो. उजाडायला निघायचं ठरलं होतं. वकीलभावजी आले ऊन वर आल्यावर, डोक्यावर कप्तानाची टोपी घालून. स्टिअरिंग अर्थात त्यांच्याकडे. इंजिन बंद करायची एक लाल दोरी असते. तिचं एक टोक खटक्याला लावायचं, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पाण्यात पडला तर दोरी निसटते आणि इंजिन थांबतं. वकीलभावजींना ती काचत होती, म्हणून ती नुसतीच खटक्याला लटकत होती. डबे आणि मी मागे. हे माझ्या शेजारी, मांडीवर ब्रशांचा पत्र्याचा डबा आणि पिवळ्या रंगाची छोटी बरणी. "समुद्रात काय रंगवणार आहात?" मी म्हटलं. "असू दे जवळ," हे म्हणाले.

किनारा गेला, मग डोंगर गेले, मग पक्षीही गेले. चारी बाजूंनी नुसतं पाणी आणि इंजिनाचा घरघराट. डॉक्टरांनी निघाल्यापासून काठावर मान टाकली होती. शेठ बर्फाच्या पेटीवर बसून तिच्यातलं संपवत होते. हे मात्र समोर बघत होते. तिकडे अजून काही दिसत नव्हतं, तरी बघत होते. इतका आनंदी चेहरा मी ह्यांचा लग्नातसुद्धा पाहिला नव्हता, आणि त्याचा मला थोडा रागही आला.

जेवणं झाली. वकीलभावजींनी हात पुसले, घड्याळ पाहिलं आणि इंजिन हळू केलं.

"मंडळी, आपण बरोबर मध्यावर आहोत. एक अडचण आहे. क्लबातल्या पत्त्यांची फायनल उद्या होती, ती आज रात्रीवर आली. सकाळीच मेसेज आलाय. आत्ता फिरलो तर अंधाराच्या आत घरी पोचतो."

सकाळीच आलाय. म्हणजे हा माणूस सकाळपासून मूग गिळून बसला होता, आणि माझे डबे खाऊन झाल्यावर बोलला.

"आणि तिकडे गेलो तर रात्रभर राहायला लागेल," शेठ म्हणाले. "त्या दोन खोल्यांत झोपायचं कुठे? एसी तरी आहे का?"

"तर मग परत फिरायचं," वकीलभावजी म्हणाले. "हात वर."

त्यांचा हात वर गेला. शेठचा गेला. डॉक्टरांनी मान न उचलताच हात उचलला. आणि माझ्या शेजारी चौथा हात वर गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या हातावर गेल्या रविवारचा पिवळा रंग अजून होता, नखांत, बोटांच्या पेरांत. हे स्वतःच्या हाताकडे बघत होते. तो तिथे कसा गेला, हे जणू त्यांनाच कुणीतरी सांगायला हवं होतं. मग तो हळूच खाली आला.

"चुकून गेला," हे म्हणाले. "माझा हात मोजू नका."

"असं कसं, ब्रश? वर गेलेला हात मागे घ्यायचा नाही. चार हात झाले, विषय संपला." आणि वकीलभावजी स्टिअरिंग फिरवायला लागले.

"भावजी, ती बाई तिकडे उभी आहे," मी म्हटलं.

"वहिनी, बायकांना मत नाही, तुम्हाला माहितीये. तिला फोन करून टाकू. पुढच्या वर्षी जाऊ, त्यात काय?"

"पुढच्या वर्षी तिला दिसणार नाही," हे म्हणाले.

वकीलभावजी हसले. वाईट हसले नाहीत, नेहमीसारखं हसले, आणि तेच मला आजही सहन होत नाही. "अरे, तिला आत्ता तरी काय दिसतंय? पुढून बोट गेली काय नि म्हैस गेली काय."

हे उठले. डगमगत पुढे गेले, वकीलभावजींच्या कोपराखालून हात घातला आणि ती लाल दोरी खटक्यातून ओढून काढली. इंजिन बंद पडलं. एकदम एवढी शांतता झाली की बोटीला लागणाऱ्या लाटांचा चपचप आवाज तेवढा ऐकू येत होता. ह्यांनी दोरीची गुंडाळी केली, शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं.

"हा काय वेडेपणा?" वकीलभावजी म्हणाले.

"पुढे जायचं असेल तर सांगा."

"ठराव झालाय."

"मग बसू," हे म्हणाले. "ती उभी आहे. आपण बसू."

आणि खरंच बसले. बोट आडवी होऊन हेलकावे घ्यायला लागली. वकीलभावजी आधी कायद्याचं बोलले, मग मैत्रीचं, मग चढ्या आवाजात बोलले. शेठ म्हणाले, "अरे, इतक्या वर्षांत कधी आपलं भांडण झालं का?" हे म्हणाले, "नाही झालं." मी जेवणाची टोपली ओढून घेतली आणि तिच्यावर बसले, कारण संध्याकाळचं खाणं त्यातच होतं. मत नसलं म्हणून काय झालं.

हेलकाव्यांनी डॉक्टर हिरवेनिळे पडले होते. शेवटी तेच म्हणाले, "बाबांनो, कुठेही न्या, पण ही बोट हलवा. परत हात घ्या, मी ब्रशच्या बाजूने." आणि त्यांनी हात वर केला.

"हात खाली घे," हे त्यांना म्हणाले. आवाज चढवला नाही. "आज हात मोजायचे नाहीत. तिघेही माझ्या बाजूने वर केलेत तरी मोजायचे नाहीत. मी जाणार आहे."

हे शब्द ऐकायला मी किती वर्षं थांबले होते. ते ऐकल्यावर मला भीतीच वाटली, ही गोष्ट वेगळी. वकीलभावजींनी टोपी काढली आणि उठून शेठच्या शेजारी बर्फाच्या पेटीवर जाऊन बसले. हे स्टिअरिंगवर बसले, लाल दोरी मनगटाला नीट बांधली आणि इंजिन सुरू केलं.

पण वेळ गेला होता तो गेलाच. पलीकडचा किनारा दिसला तेव्हा ऊन उतरलं होतं. मी मनातल्या मनात त्या तिघांच्या नावाने बोटं मोडत होते. अंधार पडला असता तर एवढी मोठी अक्षरं काय चुलीत घालायची होती?

धक्क्याच्या टोकाला ताई उभी होती, एकटी, हातात मिटलेली छत्री. दुपारपासून उभी असणार. सूर्य तिच्या पाठीमागे होता आणि तिरपं ऊन सरळ आमच्यावर येत होतं. ह्यांनी बोट धक्क्याला लावली नाही. थोड्या अंतरावर ती वळवून आडवी केली, अक्षरं तिच्याकडे येतील अशी, आणि इंजिन बंद केलं. उभं राहून हात हलवला. ताईने हात हलवला नाही. ती समोर बघत होती, पण आमच्याकडे नाही, भलतीकडेच. ह्यांनी पुन्हा हात हलवला. मला वाटलं, संपलं, उशीर झाला. आणि मी वकीलभावजींकडे असं पाहिलं की त्यांनी नजर खाली घातली.

मग ताईने मान तिरकी केली. तिला आता समोरचं दिसत नाही, डोळ्याच्या कोपऱ्यातलं तेवढं दिसतं. दोन पावलं पुढे आली. तिचे ओठ हलताना दिसले, पहिलं अक्षर, दुसरं, तिसरं. डॉक्टरसुद्धा उठून बसले होते.

"धाकट्या," पाण्यावरून तिचा आवाज आला, "'क'चं पोट सुटलंय."

ह्यांचा हात हवेतच राहिला. मी तोंडावर पदर धरला. "हो ताई," हे ओरडले, आणि आवाज फुटला म्हणून पुन्हा ओरडले, "हो. पुसून परत काढतो."

"काढच. आणि या लवकर, जेवण गार झालंय."

बोट धक्क्याला लागली. वकीलभावजी घसा खाकरून म्हणाले, "मग सकाळी उजाडताच निघू, काय?"

"उद्या बोट वर ओढायची आहे," हे म्हणाले आणि ब्रशांचा डबा काखोटीला मारला. "रंग वाळायला दोन दिवस लागतील."

वकीलभावजींनी शेठकडे पाहिलं, शेठनी डॉक्टरांकडे. हात कुणीच वर केला नाही.