हेस्टरच्या घरचं पाणी

कॅनडाच्या उत्तरेला, आम्हा आदिवासींच्या लून नॅरोज गावात घरोघरी नळ आहे आणि तो शोभेला आहे. तोटी फिरवली की चहाच्या रंगाचं पाणी येतं. फरक एवढाच की चहा पिता येतो. पाणी उकळूनच प्या, असा सरकारी हुकूम निघाला तेव्हा हेस्टरची धाकटी लेक लोरेना तिच्या पोटात होती. पुढे लोरेनालाच दिवस गेले, तरी हुकूम जागचा हलला नव्हता. हेस्टरच्या शेगडीवर मोठं पातेलं कायम चढलेलं असे. कुणी दारात आलं की ती म्हणे, "ये, बस. आज घरात पाणी शिजतंय."

बाई बुटकी, रुंद आणि जिभेने तिखट. गावातली निम्मी पोरं तिने बनवलेल्या टिकिनागनमध्ये वाढली. बाळाला शेवाळात लपेटायचं, कातड्याच्या वादीने लाकडी फळीला बांधायचं आणि फळी पाठीवर टाकून कामाला लागायचं. असं गुंडाळलेलं बाळ रडत नाही, जग बघत बसतं. लोरेनाचं कळल्यावर हेस्टरने पाइनची फळी तासायला घेतली, दलदलीतलं शेवाळ आणून फांद्यांवर वाळत घातलं आणि एकेक काडी निवडून ते मऊ केलं. एवढी हौस तिने स्वतःच्या बाळंतपणातही केली नव्हती. कारण हे बाळ तिचं होतं.

आमच्याकडे पहिलं मूल आजीचं. कोवळ्या वयाच्या आईला मूल म्हणजे काय हे कळेपर्यंत आजी ते वाढवते, आणि आई बाजूला बसून शिकते. हेस्टरही तिच्या आजीची, म्हणजे आमच्या भाषेत कोकुमची. सात वर्षांची झाली तेव्हा तळ्यावर सरकारचं विमान उतरलं आणि तिला घरापासून तोडून दूरच्या निवासी शाळेत घेऊन गेलं. त्या शाळेबद्दल ती बोलत नसे. त्याआधीच्या सात वर्षांबद्दल मात्र न थकता बोले. "माझ्या कोकुमने मला जेवढं दिलं ना," ती लोरेनाला म्हणे, "तेवढं मला याला द्यायचंय. मग मेले तरी चालेल."

"आधी मला तर बाळंत होऊ दे, आई," लोरेना म्हणे. "तू आत्ताच मरायला निघालीस."

गावात बाळंत होता येत नाही. दवाखान्यात एक नर्स असते आणि पोटाला हात लावायचा म्हटलं की तिच्याच पोटात गोळा येतो. म्हणून दिवस भरत आले की बाईला विमानाने दक्षिणेच्या शहरात पाठवतात. हेस्टर सोबत गेली, मांडीवर टिकिनागन घेऊन. शहरातल्या इस्पितळाच्या बसायच्या खोलीत टीव्ही लावलेला होता. त्यावर एक नीटनेटका माणूस सांगत होता की कुठल्या देशात माणूस किती स्वतंत्र आहे याची जगाची यादी लागली आहे, आणि कॅनडा यंदाही अगदी वरच्या रांगेत आहे.

"ऐकलंस? आपण वर आहोत म्हणे," हेस्टर म्हणाली.

"आहोतच की," लोरेना पोट सावरत म्हणाली. "आपल्या वर फक्त पांढरी अस्वलं."

"मला कुणी विचारलं नाही हो. इतक्या वर बसवायच्या आधी विचारायचं तरी, बाई गं, तुला चक्कर येते का."

दोघी इतक्या हसल्या की समोरचे लोक वळून बघायला लागले. त्याच रात्री लोरेनाला कळा सुरू झाल्या. मुलगा झाला. हेस्टरने त्याचं नाव एझ्रा ठेवलं, शेवाळात लपेटून फळीला बांधलं, आणि तो टक्क डोळ्यांनी छताकडे बघत बसला.

हे एका नर्सने पाहिलं. बाळाला चिखलाचं गवत लावून फळकुटाला बांधलंय, अशी खबर वर गेली, आणि दुपारी सरकारच्या बालकल्याण खात्यातली मेरेडिथ नावाची तरुण बाई आली. आवाज मऊ, वागणं गोड. तिने लोरेनाला विचारलं, "बाळाला तू सांभाळू शकशील ना?"

लोरेनाने मान खाली घातली. "माहीत नाही. बघू."

अधिकाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही आणि मला सगळं येतं अशी फुशारकी मारायची नाही, हे तिला हेस्टरनेच शिकवलेलं. आमच्या गावात या उत्तराबद्दल तिला शहाणी म्हणून शाबासकी मिळाली असती. मेरेडिथने काहीतरी टिपलं. लेक अडखळतेय असं वाटून हेस्टर मदतीला धावली.

"तिला काय विचारता? ती अजून मॅकरोनी करपवते. हे मूल माझं आहे. पहिलं मूल आजीचंच असतं."

"म्हणजे लोरेना त्याला वाढवणार नाही?"

"ती असेल की. दूध पाजेल, खेळवेल. वाढवणार मी."

"तुमच्या घरी कोण कोण असतं?"

हेस्टर खुलली. "कोण नसतं ते विचारा! दोन मुलगे, सुना, त्यांची पोरं, दिराचा मुलगा. नणंद अधूनमधून येते ती जायचं नाव घेत नाही. बाळाला खाली ठेवायची वेळच यायची नाही. एकाची मांडी दुखली की दुसऱ्याची तयार."

"आणि प्यायचं पाणी?"

"उकळतो ना! तुमच्याच सरकारने सांगितलंय. आम्ही ऐकणारी माणसं आहोत."

हेस्टरला वाटलं, बाजी मारली. भरलेलं घर, राबते हात, सरकारचा शब्द पाळणारी माणसं; बाळाच्या आजीने आणखी काय सांगायचं असतं? ती श्रीमंती सांगत होती आणि समोरची बाई दारिद्र्य लिहून घेत होती.

दुसऱ्या दिवशी एझ्रा जागेवर नव्हता. मेरेडिथ दारात उभी राहून हळू आवाजात समजावू लागली. आईची जबाबदारी घ्यायची तयारी दिसत नाही, आजीचं घर गच्च भरलेलं, घरात सुरक्षित पाणी नाही. म्हणून बाळ तूर्त शहरातल्या एका चांगल्या कुटुंबाकडे राहील. लोरेनाच्या छातीवरचा सदरा दुधाने भिजत होता.

हेस्टर मात्र उठली. "नळ तुमचा. पाणी तुमचं. ते घाण ठेवलंत तुम्ही. आणि त्यासाठी पोर माझं नेता?"

मेरेडिथच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तेवढं स्वच्छ होतं.

रिकामी टिकिनागन मांडीवर घेऊन हेस्टर परत आली. बाळ बघायला सगळं गाव धावपट्टीवर लोटलं होतं. त्यांनी फळी पाहिली. एका म्हाताऱ्याने तिची पिशवी उचलली आणि सगळे तिच्या मागोमाग घरापर्यंत चालत गेले. लोरेना शहरातच राहिली. एझ्रा तिला आठवड्यातून एकदा, एका खोलीत, परक्या बाईच्या देखरेखीखाली मिळे. हेस्टर रात्रंदिवस जळत होती, आणि ती सरकारपेक्षा स्वतःवर जास्त जळत होती. "माझ्या जिभेने घालवलं त्याला," ती म्हणे. "गप्प बसले असते तर पोर घरात असतं." गावाने परोपरीने समजावलं, पण ते तिच्या कानापर्यंत गेलं नाही. ती तिखट जीभ बंद पडली, आणि पाणी शिजतंय हा विनोदही थांबला.

एझ्रा तीन वर्षांचा झाला त्या उन्हाळ्यात गावात पाणी शुद्ध करायचा नवा कारखाना उभा राहिला. मंत्री विमानाने आले. एकाच भाषणात ते स्वातंत्र्याच्या यादीतल्या वरच्या रांगेबद्दलही बोलले आणि लून नॅरोजच्या नळाबद्दलही. मग कॅमेऱ्यांसमोर त्यांनी पेला रिकामा केला आणि दुसरा गावातली वडीलधारी म्हणून हेस्टरच्या हातात दिला. हेस्टरने तो एका दमात संपवला.

"चांगलं आहे," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात धार होती. "आता माझं पोर द्या."

मंत्र्यांनी शेजाऱ्याच्या कानात विचारलं, शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याला. मग मंत्र्यांनी हेस्टरचे दोन्ही हात हातात घेतले. "आजी, मला मनापासून वाईट वाटतं. पण ते खातं वेगळं आहे."

त्या वेगळ्या खात्याने पुढच्या वर्षी मेहरबानी केली. चार वर्षांच्या एझ्राला एका दिवसासाठी कोकुमच्या घरी आणलं, सोबत खात्याची एक बाई. हेस्टरने आदल्या दिवसापासून घर घासलं होतं. बॅनकची जाड रोटी भाजली होती, गोड्या पाण्यातला पांढरा मासा धुरावला होता. सुनांना आणि पोरांना तिने शेजारी धाडलं होतं, घर गच्च दिसायला नको म्हणून. भिंतीशी टिकिनागन टेकवली होती. एझ्राने फळीला बोट लावलं आणि इंग्रजीत विचारलं, हे काय आहे. त्याला आमची भाषा येत नव्हती. हेस्टरने सांगितलं, तुझी आहे. तो फळीच्या लांबीकडे आणि मग स्वतःच्या पायांकडे बघत राहिला.

मासा खाऊन त्याला तहान लागली. हेस्टर याच क्षणाची वाट बघत होती. तिने नळ सोडला, पेला भरला, खिडकीपाशी धरून पाहिला आणि नातवापुढे केला. पाणी अगदी नितळ होतं. एझ्राने हात पुढे केला, इतक्यात सोबतच्या बाईने हसतमुखाने पिशवीतून बाटली काढली.

"थँक यू हं, आजी. त्याचं पाणी आम्ही बरोबरच आणलंय. सांभाळणाऱ्या घरच्यांनी तसं सांगितलंय. तुम्ही समजून घ्याल."

हेस्टरने तो पेला तोंडाला लावला आणि नातवाकडे बघत घोट घोट सगळा संपवला. एझ्रा बाटली छातीशी धरून बघत होता. तो घाबरला होता. तो त्या बाईला बिलगला आणि हळूच म्हणाला,

"आता ही मरेल का?"