म्हसोबाच्या दगडावरचं नाव

लेझरचा निळा ठिपका काळ्या दगडावर सरसर फिरत होता आणि मागे पांढरी अक्षरं उमटत होती. शेतातल्या म्हसोबासाठी हा नदीतला दगड मी वाळूवाल्याशी घासाघीस करून आणला होता. धाकट्या भावाने घरच्या मशीनवर त्यावर ‘अर्पण’ लिहून फक्त स्वतःचं नाव कोरलं.

“माझं नाव कुठाय रे?”

“दादा, जागाच उरली नाही.”

अर्धा दगड मोकळा होता! लेझर नुसता वरचा थर पांढरा करतो, आणि अशा माणसांनाही दगडात खोल शिरायचंच नसतं. वरवर चमकलं की त्यांचं भागतं.

शेतात आईने रिवाजाप्रमाणे दगडाला तेलाने माखलं. तेल मुरलं तशी पांढरी अक्षरं काळ्यात बुडाली.

“दादा, तेल पुसू का?”

“देवाच्या अंगावरचं? हात तर लावून बघ!”