गोमुखापासून मागे

सोलापूर ताटासारखं सपाट. आम्हाला चढ माहीत होता तो फक्त रेल्वेच्या पुलाचा. दहावीच्या वर्षी जिल्ह्याची क्रॉसकंट्री बार्शीच्या पलीकडे डोंगरात होती, म्हणून पीटीच्या सरांनी आम्हा दोघींना महिनाभर त्या पुलावर वर-खाली पळवलं. कडेचे भाजीवाले विचारायचे, "काय गं, कुत्रं लागलंय का पाठीमागं?"

दोघी म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. माझ्या वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, शुक्रवार पेठेत कापडाचं दुकान, तिचे अब्बा रिक्षा चालवायचे. मी पळायचे ते वर्गात बसायचा कंटाळा म्हणून. तिचं तसं नव्हतं. पहिल्या सहांत येऊन विभागाला निवड झाली तर दहावीनंतरही पळायचं, नाहीतर बूट माळ्यावर, असं तिच्या घरी ठरलं होतं. ती हे हसत सांगायची, पण पुलावरच्या शेवटच्या फेरीला तिचे दात घट्ट आवळलेले असायचे.

डोंगर बघूनच माझ्या पाचावर धारण बसली. सुरुवातीला माईकवरून सांगितलं, वर महादेवाचं देऊळ आहे, त्याला पूर्ण वळसा घाला, तिथल्या माणसाकडून रबरबँड घेऊन मनगटात घाला आणि आल्या वाटेनं खाली या. मी नीट ऐकलं होतं. पण पुलाचा चढ मिनिटभरात संपतो, हा संपेचना. मुरूम पायाखालून सरकत होता, मोज्यांत कुसळं घुसली होती. अर्ध्या वाटेवर डोक्यात सरांना दिलेल्या शिव्यांशिवाय काही उरलं नव्हतं. पुढच्या पाच मुली मला उतरताना भेटल्या. म्हणजे मी सहावी, आणि मैत्रीण माझ्या थोडी मागे.

देऊळ आलं आणि मी वळसा घ्यायला लागले. आमचं घर शिवभक्तांचं. महादेवाच्या देवळाला पुरी प्रदक्षिणा घालत नाहीत. अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं त्या गोमुखापर्यंत जायचं, ते ओलांडायचं नाही, तिथूनच उलटं फिरायचं. चालता यायला लागल्यापासून दर सोमवारी अप्पांच्या मागून मी असंच फिरत आले होते. गोमुख दिसलं आणि पाय आपोआप मागे वळले. रबरबँडवाला गोमुखाच्या चार पावलं पलीकडे मोबाईलमध्ये मान घालून बसला होता. मला तो दिसला नाही, त्याला मी दिसले नाही.

देवळाच्या मागच्या बाजूला मैत्रीण समोरून आली. मला उलटं येताना बघून ती गोंधळली. मी ओरडले, "गोमुख ओलांडायचं नसतं! फीर मागं!"

तिनं काही विचारलं नाही. देवळाच्या बाबतीत माझ्यापेक्षा तिला काय जास्त कळणार? ती तिथल्या तिथं वळली, आणि अर्थातच माझ्या पुढे गेली. उतारावर मला तिची वेणीच दिसत राहिली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मनात म्हणाले. आणि खरं सांगायचं तर मला राग आला.

खाली ती सहावी, मी सातवी. टेबलाशी मनगटं तपासली. दोघींची रिकामी.

पंचांच्या कपाळावर भस्माचे पट्टे होते. मी रडत रडत गोमुखाचं सांगितलं तर ते चक्क खूश झाले. "शिवाच्या घरची दिसतीस. गोमुखापासनं परत फिरलीस म्हंजे तू तर उलट जास्तच पळालीस की. हिचं धरा, अंतर पुरं झालंय."

मग ते तिच्याकडे वळले. "आन् तुला गं? तुला कुटला आला गोमुखाचा नियम? अर्ध्यातनंच पळालीस व्हय?"

"हिनंच सांगितली सर. मागं फीर म्हणली."

"व्हय गं? तू सांगितलीस?"

एरवी मी गणितात काठावर पास व्हायचे. त्या वेळी गणित झटक्यात सुटलं. ती गेली की सहावी मी.

"आठवत नाही सर," मी म्हणाले. "दम लागला होता."

दम लागला होता हे खरं. बाकी धादांत खोटं. आमचे सर पंचांशी बरंच भांडले, पण वर काय झालं ते त्यांनी बघितलं नव्हतं. बघितलेली मी एकटी, आणि मी मिठाची गुळणी धरून उभी होते. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. माझं नाव यादीत लिहिलं गेलं, तिच्या नावावर रेघ मारली गेली.

परतीच्या एसटीत ती माझ्याच शेजारी बसली. बसली नसती तर बरं झालं असतं. सोलापूर येईपर्यंत मोज्यातली कुसळं काढत होती. उतरताना म्हणाली, "तितं पण चढ असला तर आधी हळू जा. तू पयलेच सगळा दम घालवतीस."

विभागाला मी शेवटून तिसरी आले. ती पुन्हा मैदानावर दिसली नाही. दहावीनंतर युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात लागली. आता कधी बाजारात भेटलो तर ती घरच्यांची विचारपूस करते, मी घाईत असल्यासारखं करते.

अप्पा मात्र दुकानात आलेल्या नव्या गिऱ्हाईकालाही अजून ती शर्यत सांगतात. "पळता पळता बी माझ्या पोरीनं गोमुख ओलांडलं न्हाई बघा. देवानं पण तिचा नंबर राखला." गिऱ्हाईक कौतुकानं माझ्याकडे बघतं. मी कापडाची घडी घालत राहते. अप्पांच्या गोष्टीत डोंगरावर मी एकटीच असते, कारण मी त्यांना तेवढंच सांगितलं आहे.